मागच्या सीटचा पट्टा

लोकांना बेटाभोवती फिरायला पाठवणं हा माझा धंदा आहे. जर्मन येतात, कोरियन येतात, अमेरिकेतले निवृत्त मास्तर येतात. एगिल्सस्टादिर या आमच्या गावात माझ्या टेबलासमोर बसतात आणि विचारतात, स्वतः गाडी चालवत अख्खं बेट कसं फिरायचं? मी नकाशा पसरते. कुठे टाकी भरून घ्यायची, कुठल्या पुलावर एकच गाडी मावते, गाडीचं दार दोन्ही हातांनी धरून का उघडायचं (वारा दार उपटून नेतो). मेंढी रस्त्याच्या एका बाजूला आणि कोकरू दुसऱ्या बाजूला दिसलं तर ब्रेक दाबायचाच, कारण कोकरू आईकडे धावणार म्हणजे धावणारच. हे सगळं मी झोपेतही सांगेन. मग ते विचारतात, मीवात्न तळ्याकडून इकडे येताना जे मोठं पठार लागतं तिथला रस्ता कसा आहे? मी म्हणते, फार सुंदर आहे.

केटिल गेला त्या हिवाळ्यापासून मी त्या रस्त्यावर चाक घातलेलं नाही.

केटिल माझा थोरला भाऊ. बचावपथकात होता. आमच्याकडे बचावपथक ही पगारी नोकरी नव्हे; सुतार असो, मास्तर असो, फोन वाजला की नारिंगी जाकीट चढवून निघायचं. त्या दिवशी रस्ता बंद असल्याची फळी बाजूला सारून एक पर्यटक जोडपं पठारावर गेलं आणि हिमवादळात अडकलं. पथक वर गेलं. जोडपं सापडलं, धडधाकट होतं, चॉकलेट खात बसलं होतं. मागून आणखी एक गाडी येत होती असं ते म्हणाले, म्हणून केटिल जीपमधून उतरून जुन्या वाटेवरच्या दगडांच्या राशीपर्यंत बघायला गेला. दुसरी गाडी नव्हतीच. केटिलही परत आला नाही. बर्फ वितळल्यावर शोधलं, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातही शोधलं. पण पठार मोठं आहे आणि माणूस लहान.

आईने तेव्हाच मला शपथ घातली होती, तू वर जायचं नाहीस. हिवाळ्यात नाही आणि उन्हाळ्यात तर मुळीच नाही, कारण उन्हाळ्यात माणूस बेसावध असतो. आता आकुरेरी हे उत्तरेकडचं शहर; आमच्या गावाहून पठारावरून गेलं तर तिथे दुपारच्या जेवणाला पोचता येतं. मी एकदा तिथे दाढ काढायला गेले ती दक्षिणेकडून, रेक्याविकवरून, सगळ्या बेटाला वळसा घालून. पोचेपर्यंत दाढ दुखायची थांबली होती. गावात अजून हसतात. हसू देत; शपथ मी मोडली नाही.

आईचं नाव सिगुरलाउग, पण सगळे लाउगा म्हणतात. आम्ही दोघीच एका घरात राहतो. ती हट्टी आहे, मी तिच्याहून. पण तिच्या एका गोष्टीपुढे माझं काही चालत नसे, ती म्हणजे तिची झोप. आमच्याकडे म्हणतात, प्रत्येक माणसाच्या पुढे त्याचं काहीतरी चालत असतं. पाहुणा दाराशी यायच्या आधी ते घरात शिरतं आणि घरातल्याला अवेळी पेंग येते. माझी आजी जांभई आली की किटली चढवायची, आणि कॉफी उकळेपर्यंत कुणीतरी टपकायचंच. केटिल गेल्यापासून आई रोज संध्याकाळी जेवणाआधी पेंगू लागली. हातातलं विणकाम तसंच, हनुवटी छातीवर. दचकून जागी व्हायची, दाराकडे बघायची, आणि उठून टेबलावर आणखी एक कप मांडायची. डॉक्टरने रक्त तपासलं, काही निघालं नाही. आई पेंगते म्हणजे कुणीतरी वाटेत आहे, हे मला कळत होतं. कोण, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

गेल्या वर्षअखेरीला मला खोकला झाला होता म्हणून मी मैदानावर पेटवतात ती मोठी शेकोटी बघायला गेले नाही, घरीच अंथरुणात पडून राहिले. त्या संध्याकाळी दगडांत राहणारी, डोळ्यांना न दिसणारी माणसं घरं बदलतात, म्हणून घरातली बाई सगळीकडे दिवे लावते, दारं उघडते, घराभोवती फिरते आणि म्हणते: यायचं असेल त्यांनी यावं, जायचं असेल त्यांनी जावं, मला आणि माझ्या माणसांना काही न करता. आजी म्हणायची, तिची आई म्हणायची. आई दिवा घेऊन माझ्या खिडकीखालून गेली. "यायचं असेल त्यांनी यावं," ती म्हणाली. मग तिची पावलं थांबली. बर्फ करकरला, ती पुढे गेली, आणि कोपऱ्यावर पुन्हा तेच: "यायचं असेल त्यांनी यावं." पुढचं वाक्य नाहीच. तिने पूर्ण फेरी तशीच मारली.

मी पांघरुणात गारठले. इतकी वर्षं माझी आई दार उघडून फक्त बोलावत होती. जा म्हणून कुणाला सांगतच नव्हती.

मे महिन्यात, रस्त्यांवरचा बर्फ गेल्यावर, ती एक दिवस जेवताना म्हणाली, "हुग्रून, तुझा तो नकाशा घरी आण."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? जर्मनांना देतेस ना? मग आईला द्यायला काय झालं? मला बेट फिरायचंय. गाडीने. अख्खं."

"अख्खं म्हणजे?"

"म्हणजे अख्खं. मध्ये फट न ठेवता."

मी चमचा खाली ठेवला. "आणि शपथ?"

"मी घातली, मीच सोडवते. जेव तू, बटाटे गार होतायत."

मी नकाशा आणला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरला, एका कोपऱ्यावर लोण्याचं भांडं आणि दुसऱ्यावर सुक्या मासळीची पिशवी ठेवून. आणि लगेच भांडण सुरू झालं. माझं म्हणणं होतं, पठार आधी उरकून टाकू. कडू औषध पहिल्या घोटात प्यावं.

"म्हणजे उलटं?" आई म्हणाली. "उलटं कोण जातं? सूर्य ज्या बाजूने जातो त्या बाजूने जायचं. आधी दक्षिण, मग पश्चिम, मग उत्तर, आणि वरून घरी. उलट्या फेऱ्याने मेलेले उठतात."

"माझी अर्धी गिऱ्हाइकं उलटीच जातात. एकही मेलेला उठला नाही."

"त्यांना काय कळणार उठला की नाही? ते फोटो काढत असतात."

सूर्याच्या बाजूने ठरलं. मग मुक्काम. मी म्हटलं, एक खोली, दोन खाटा.

"तीन," आई म्हणाली.

"तिसरं कोण?"

"तू तीन सांग."

"आई, एवढ्याशा देशात मी प्रत्येक गेस्टहाऊसवाल्याला नावाने ओळखते. तो विचारणार, हुग्रून, तिसरं कोण?"

"मग सांग, आईचं सामान फार आहे."

मी चिडले, नकाशा गुंडाळला, दोन दिवस बोलले नाही. शेवटी फोन केले आणि प्रत्येक ठिकाणी तीन खाटा सांगितल्या. होप्नच्या गेस्टहाऊसवाल्या म्हातारीने विचारलंच. मी आईच्या सामानाचं सांगितलं. ती म्हणाली, "बरं. खिडकीजवळची खाट मोकळी ठेवते."

इथपर्यंत मला हे म्हातारपणाचं खूळ वाटत होतं. पण मग आईने जिरेनियमच्या कुंड्या शेजारी नेऊन दिल्या. आम्ही परतणार होतो जेमतेम पंधरवड्यात, तेवढं पाणी शेजारीण इथे येऊनही घालती. मी विचारलं तर म्हणाली, "तिच्या खिडकीत ऊन चांगलं येतं."

माझी गाडी छोटी, खडीच्या रस्त्याला कामाची नाही. म्हणून मी स्टेइंथोरकडे त्याची जीप मागायला गेले. स्टेइंथोर तेव्हाचा पथकप्रमुख. त्या दिवशी जीप तोच चालवत होता. आमच्याकडे म्हातारा असो की मंत्री, सगळ्यांना नावाने आणि अरे-तुरेच चालतं, पण मी स्टेइंथोरशी बोलताना नेहमी जरा आवाज खाली आणते.

तो शेडमध्ये होता. चाकांची हवा बघत न वळताच म्हणाला, "लाउगा वर जातेय म्हणे."

"हो. मला जीप देशील?"

"जीप ने. नवी आहे, जपून चालव. मागच्या सीटवरही कुणी पट्टा न लावता बसलं तर ओरडते." मग तो उठला, हात पुसले. "काल तुझी आई येऊन माझ्या बायकोला लोकरीची सगळी पिशवी देऊन गेली. सुयांसकट."

जिरेनियम ठीक होतं. लोकर?

"हुग्रून, मी लाउगाला लहानपणापासून ओळखतो. ती बाई कुणाला मोजा देईल, टोपी देईल. लोकर देणार नाही. जिवंतपणी तरी नाही."

"तुला काय म्हणायचंय?"

"केटिल येत नाही, म्हणून ती त्याच्याकडे निघाली आहे. ती रास रस्त्यापासून लांब नाही. पण धुकं उतरलं की…" तो वाक्यं कधीच पुरी करत नाही.

"मग तूही चल आमच्याबरोबर."

त्याने मान हलवली. "मी त्याला तिथून हाका मारल्या होत्या. घसा फुटेपर्यंत. आता तिथे उभं राहून गप्पही बसता येणार नाही आणि हाकही मारता येणार नाही. तू डोळा ठेव तिच्यावर. हात सोडू नकोस."

जीप मी एकटीने घरी आणली. गावातून, पुलावरून, चढावर. काही ओरडली नाही.

निघायच्या सकाळी लख्ख ऊन होतं. जूनमध्ये आमच्याकडे अंधार पडतच नाही. भुताला लपायला जागा नसते, असं केटिल म्हणायचा. आईने क्लेइना, आमच्याकडच्या पीळ दिलेल्या गोड शंकरपाळ्या, तळून डबा भरला होता, भाकरीत धुरावलेलं मटण घालून ठेवलं होतं, कॉफीचे दोन थर्मास होते. सगळं डिकीत गेलं. मी इंजिन सुरू केलं. आई पुढे बसायला येण्याआधी मागे गेली, मागचं दार उघडलं, आणि ते धरून उभी राहिली, म्हाताऱ्या माणसाला गाडीत चढायला वेळ द्यावा तशी. मग तिने दार अलगद लावलं आणि पुढे येऊन बसली.

"काय विसरलं होतं?"

"काही नाही. चल."

गाडी फाटकातून बाहेर पडली आणि टिंग टिंग टिंग सुरू झालं. समोर लाल दिवा: मागची उजवी सीट, पट्टा नाही. मी मागे पाहिलं. सीट रिकामी. आईने जागेवरून वळून, हात लांब करून मागचा पट्टा ओढला आणि रिकाम्या सीटवरून आडवा नेऊन लावला. आवाज बंद झाला.

"यंत्र बिघडलंय," मी म्हटलं.

"असेल," आई म्हणाली आणि खिडकीतून बाहेर बघू लागली.

मी आखलेली सहल उत्तम होती, हे मीच सांगते. पूर्वेच्या फ्योर्डांमधून, डोंगरांत शिरलेल्या खाड्यांच्या कडेने वळणं घेत होप्न, मग हिमनद्यांची काळी वाळू, मग दक्षिणेची गवताळ कुरणं. पंपावर थांबून तळलेला कांदा घातलेले हॉट डॉग खाल्ले. प्रत्येक गावात गरम पाण्याच्या तलावात डुंबलो, कारण ते केल्याशिवाय आमच्याकडे कुणी गाव पाहिलं असं म्हणत नाही. तलावात आई कडेला बसायची आणि आपल्या शेजारी एका माणसाची जागा सोडायची. कुणी तिथे बसायला आलं की नम्रपणे म्हणायची, "इथे आहे कुणीतरी." माणसं माझ्याकडे बघायची, मी पाण्याकडे बघायची.

प्रत्येक दारात तेच. "किती जण?" असं विचारलं की मी तोंड उघडायच्या आत आई सांगायची, "तिघं." टेबलावर तीन कप. तिसरी कॉफी गार व्हायची आणि निघताना आई ती दोन घोटात पिऊन टाकायची, वाया जाऊ नये म्हणून. माझी आई भुताखेताच्या कामातही काटकसर सोडणारी नव्हे.

पश्चिमेला एका पंपावर आई संडासाला गेली तेव्हा मी मागे वाकून तो पट्टा सोडला. सीटवर हात फिरवला. कोरडी, उन्हाने कोमट. मग पुढे बसून गाडी हवेच्या नळापर्यंत जेमतेम सरकवली. टिंग टिंग टिंग. मी ब्रेक दाबला आणि आरशात बघायची हिंमत होईना. भीती वाटली, खोटं का बोलू. पण भीतीपेक्षा राग जास्त आला. इतक्या वर्षांनी भाऊ येऊन मागे बसला, आणि माझ्याशी एक शब्द नाही! "केटिल," मी हळूच म्हटलं, "काहीतरी बोल ना रे गाढवा." कुणी बोललं नाही. मी पट्टा परत लावला आणि आई यायच्या आत डोळे पुसले.

त्याच दिवशी उत्तरेच्या रस्त्याला लागताना माझ्या लक्षात आलं, की घरून निघाल्यापासून आई एकदाही पेंगली नव्हती. संध्याकाळी जेवणाआधीसुद्धा टक्क जागी. मला हायसं वाटलं, आणि पुढच्याच क्षणी उमगलं. आता वाटेत कुणी नव्हतं. पाहुणा पोचला होता.

आणि पोचला असेल, तर आई पठारावर कशाला चालली होती? त्याला आणायला नक्कीच नाही. मग त्याच्याबरोबर राहायलाच. मीवात्नच्या मुक्कामी मला झोप लागली नाही. मी सकाळीच सांगून टाकलं, "आई, आपण इथूनच मागे फिरू. परत दक्षिणेकडून जाऊ घरी. मला चालेल."

"एवढं लांब?"

"दाढेसाठी गेले होते ना मी? मग तुझ्यासाठी जाईन."

आई बूट घालत होती. तिने माझ्या गालावर हात ठेवला, जे ती सहसा करत नाही. "गाडी काढ, हुग्रून."

मी काढली. आईला नाही म्हणणं मला साधलं असतं तर मी दाढ घेऊन बेट फिरले नसते.

मोठ्या नदीचा पूल ओलांडला तसं पठार सुरू झालं. गवत संपलं, मेंढ्या संपल्या. नुसती करडी खडी, आणि तिच्यावर ढगांच्या सावल्या. मी पर्यटकांना सांगते ते खरंच होतं, सुंदर होतं. आणि मला ते अजिबात नको होतं. जुन्या वाटेचा फाटा आला तेव्हा धुकं उतरू लागलं. धुक्यात दगडांच्या राशी एकामागून एक उभ्या राहत गेल्या. पूर्वी वादळात वाट चुकू नये म्हणून रचलेल्या. आई मोजल्यासारखी बघत होती. मग म्हणाली, "ही."

"तुला कसं कळलं?"

"कळलं."

मी गाडी थांबवली. माझा पट्टा सुटेपर्यंत आई उतरली होती. तिने मागचं दार उघडलं, दोन्ही हातांनी, वाऱ्याविरुद्ध पाठ देऊन, जसं मी सगळ्या जगाला शिकवते. आत वाकून रिकाम्या सीटवरचा पट्टा सोडला. पुन्हा दार धरून उभी राहिली. मग दार लावलं आणि रस्ता ओलांडून चालू लागली. मी गाडीला वळसा घालून येईपर्यंत ती धुक्यात अर्धी पुसली गेली होती.

मी धावले. रस्त्यावर काही येतंय का हेही पाहिलं नाही. राशीपाशी तिला गाठलं आणि तिच्या कोटाची बाही मुठीत धरली.

"सोड, कोट फाटेल."

"फाटू दे. लोकर का वाटलीस? खरं सांग."

आई दमली होती. राशीवर हात टेकून उभी राहिली. "घरून निघाले तेव्हा मलाच माहीत नव्हतं," ती म्हणाली. "त्याला सोडायला चाललेय की त्याच्यासोबत जायला. म्हणून लोकर देऊन टाकली. लोकर असली की माणूस म्हणतं, एवढा मोजा पुरा करते आणि मग."

"आणि आता?"

"आता तू अशी धावत आलीस रस्ता न बघता. गाडी आली असती म्हणजे?"

मी फक्त बाही धरून राहिले. आईने दुसऱ्या हाताने खालचा एक दगड उचलला, राशीवर ठेवला, आणि वर्षअखेरीला बोलते त्या आवाजात म्हणाली, "यायचं असेल त्यांनी यावं."

आणि थांबली. वारा होता. धुकं आमच्या पायांमधून वाहत होतं.

"पुढचं म्हण, आई."

तिने माझ्याकडे पाहिलं. "तुला ठाऊक होतं?"

"गेल्या वर्षअखेरीला ऐकलं. खिडकीतून."

"मी भीत होते गं."

"तो जाईल म्हणून?"

"जाईल म्हणून नाही." तिने राशीवरचा दगड नीट बसवला. "त्याला जायचं असेल म्हणून. तोंडाने जा म्हटलं आणि तो खरंच गेला, तर कळणार ना, की त्याला जायचंच होतं? मग मी त्याला काय केलं इतकी वर्षं?"

मी तिला जवळ घेतलं. माझी आई केवढी लहान झाली आहे हे मला तेव्हा कळलं. माझ्या खांद्यात तोंड घालून ती म्हणाली, अगदी हळू, पण पुरतं: "जायचं असेल त्यांनी जावं. मला आणि माझ्या माणसांना काही न करता." "माझ्या माणसांना" म्हणताना तिची बोटं माझ्या पाठीत रुतली.

काहीच झालं नाही. कुणी पाऊल वाजवलं नाही, धुकं फाटलं नाही. आम्ही हात धरून गाडीपाशी आलो. मागे मी मुद्दाम बघितलं: पट्टा सोडलेला, सीटच्या कडेला लोंबत होता.

"लावू का?" मी विचारलं.

"नको."

मी इंजिन सुरू केलं. गियर टाकला. चाकाखाली खडी वाजली. मी श्वास धरून त्या लाल दिव्याकडे बघत होते. गाडी पहिल्या राशीला मागे टाकून गेली, मग दुसऱ्या. मी वेग वाढवला. गाडीत इंजिनाशिवाय कसलाही आवाज नव्हता.

आईने तोंडावर हात दाबला होता. बऱ्याच वेळाने तो काढला.

"त्याला जायचं होतं," ती म्हणाली. "इतकी वर्षं तो जायचंय म्हणून दारात उभा होता, हुग्रून. आणि मी त्याच्यापुढे कॉफी ठेवत राहिले."

मला रस्ता दिसेना. मी गाडी कडेला घेतली आणि आम्ही दोघी भरपूर रडलो, पथकाने शोध थांबवला त्या दिवशी रडायला हवं होतं तेवढं. मग आईने रुमालाऐवजी कोटाच्या बाहीने, मी ताणलेल्या त्याच बाहीने, नाक पुसलं आणि म्हणाली, "शिवण उसवलीय. स्टेइंथोरच्या बायकोकडून सुई तरी परत मागावी लागणार."

पठारावर एकच शेतघर आहे. उन्हाळ्यात तिथे गवताच्या छपराखाली कॉफी मिळते आणि साखर पेरलेले पातळ पॅनकेक. धुक्यातून त्याची खिडकी दिसली तेव्हा आईने स्वतःहून सांगितलं, थांब. आत शेगडी होती, ओल्या मोज्यांचा वास होता. काउंटरवर एक अनोळखी मुलगी उभी होती, उन्हाळ्यापुरती कामाला आलेली. तिने आमच्यामागे दाराकडे नजर टाकली, जशी कुणीही टाकेल.

"किती जण?"

आई मागे वळली, दाराकडे पाहिलं. तिला वेळ लागला. मुलगी हातात कप घेऊन थांबून होती.

"दोघी," आई म्हणाली.

मुलीने दोन कप ठेवले. आईने किटली उचलली, आधी माझा भरला, मग स्वतःचा.